नॉर्वेची पोरगी नार्व्याच्या सोप्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून पत्रं येतात की हल्लीची मुलं वाचत नाहीत, मोबाईल घेऊन बसतात, मराठी तर त्यांना नकोच असतं. मी स्वतः २६ वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, रिटायर होऊन आता ४ वर्षं झाली, आणि खरं सांगते हेच मीपण बोलायचे, स्टाफरूममध्ये तर रोज. पण यंदाच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या घरात जे झालं ते बघून माझं मत पार बदललं म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलं तर कापा, पण लायब्ररीचा भाग तेवढा ठेवा.

आमचं घर डिचोली तालुक्यात नार्व्याला. घरी मी आणि माझी आई, आई आता ८३ वर्षांची आहे. चवथीला भावाचं कुटुंब फोंड्याहून येतं, त्याची मुलगी म्हणजे माझी भाची नववीत आहे. एरवी आली की फोनमध्ये डोकं, यंदा आली तर बॅगेत कपड्यांच्या वर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. कव्हरवर लांब वेणीची एक मुलगी, हातात गोल ढाल, मागे समुद्र. नाव मी लिहीत नाही, कुणाची जाहिरात करायची नाहीये. वर्गातल्या मैत्रिणीकडून आणलं होतं आणि आठ दिवसांत परत द्यायचं होतं. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना वाचतेय, नेवऱ्या तळायला बसवली तर एका हातात झारा आणि एका हातात पुस्तक, तिची आई ओरडतेय तेल उडेल म्हणून, पण हिचं लक्ष नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जो पाऊस लागला तो लागलाच आणि लाईट गेली. आम्ही सगळी सोप्यावर येऊन बसलो, पोरगी टॉर्च लावून वाचतेय. आई म्हणाली, अगो मोठ्यान वाच, आमकांय आयकूं दी. आता पुस्तक इंग्रजी, आईला इंग्रजी येत नाही, मला येतं पण सावकाश. तर पोरगी म्हणाली की मी वाचते आणि मराठीत सांगते. तिथून जे सुरू झालं ते चार रात्री चाललं, आरती झाली की सगळी सोप्यावर हजर, शेजारची दोन मुलं पण यायला लागली.

गोष्ट थोडक्यात सांगते. हजारेक वर्षांपूर्वीचं नॉर्वेतलं एक गाव, व्हायकिंगांचं, म्हणजे होड्यांतून जाऊन धाडी घालणाऱ्या लोकांचं, डोंगरांच्या मध्ये समुद्र आत शिरलेला आहे. (भाची म्हणाली, आत्या, नॉर्वे आणि नार्वे, एका मात्रेचा फरक बघ. तेव्हापासून आमच्या घरात त्या मुलीला नार्व्याची पोरगीच म्हणतात.) मुलगी १६ वर्षांची. मोठा भाऊ समुद्रात बुडालेला, होडीत वल्ह्यावर त्याची जागा रिकामी आहे आणि ही म्हणते ती जागा माझी. बाप नको म्हणतो, गाव हसतं, ती हट्टानं कुऱ्हाड आणि ढाल चालवायला शिकते आणि शेवटी त्या बाकावर बसते. मग पहिल्यांदा धाडीवर जाते, किनाऱ्यावरचं एक गाव लुटतात, आणि लुटीत एक मुलगी धरून आणतात, हिच्याच वयाची. ती मुलगी यांच्याच घरात राबायला ठेवतात. इथून पुढं खरी गोष्ट सुरू होते, कारण हिला झोप लागत नाही. शेवट सांगत नाही, कुणाला वाचायचं असेल.

पहिल्या रात्री आईचा एकच प्रश्न, ह्या चेडवाक घोव मेळटलो गो? (या मुलीला नवरा मिळेल का गं?) दुसऱ्या रात्री तिनं तो विचारला नाही. तिसऱ्या रात्री पोरगी पाणी प्यायला उठली तरी आई म्हणे, मागीर? मागीर कितें जालें?

पण मला सांगायचंय ते शब्दांचं. पोरगी भराभर वाचायची आणि मराठीत सांगताना अडायची. मास्ट आला, अडली. सेल आलं, अडली. रडर, ओअर, प्रत्येक ठिकाणी अडली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, तिला हे शब्द कधी लागलेच नाहीत तर येणार कुठून. आणि मी मराठीची बाई असून मलाही दोनचारच आठवले. सगळे शब्द दिले ते आईनं. आईचं माहेर शापोऱ्याच्या काठावर, तिचे वडील मचव्यावर होते. अंधारात भिंतीला टेकून बसलेली माझी आई एकेक शब्द सांगत गेली, डोलकाठी, शीड, सुकाणू, वल्हं, नांगर, आणि होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. व्हायकिंग कोण हे तिला माहीत नाही, नॉर्वे कुठे ते माहीत नाही, पण ती होडी तिच्या डोळ्यांसमोर आमच्या सगळ्यांच्या आधी उभी राहिली. लढाईत सगळे ढालीला ढाल लावून उभे राहतात त्याला काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला, शेवटी ढालींचा कोट असं ठरलं. आणि लुटून आणलेल्या मुलीला पोरगी स्लेव्ह म्हणत होती, मी म्हटलं गुलाम म्हण, तर आई म्हणाली बटीक. तो शब्द ऐकल्यावर सगळीच गप्प झाली. इंग्रजीत तो शब्द तिनं पन्नास वेळा वाचला असेल, पण आजीच्या तोंडून आला तेव्हा तो घरातला झाला.

भाचीनं पाठच्या वहीत हे सगळे शब्द लिहून घेतले. मी २६ वर्षांत मुलांकडून जेवढे शब्दार्थ पाठ करून घेतले असतील त्यातला एक तरी असा रुतला असेल का, मला शंका आहे.

मग मलाही चैन पडेना. चवथ झाल्यावर मी स्वतः पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत दोन वेळा जाऊन बसले, भाचीनं इंटरनेटवर शोधलं, आणि आम्ही फोनवर एकमेकींना सांगत गेलो. पहिली गोष्ट म्हणजे शिंगवाली टोपी खोटी. मला व्हायकिंग म्हटलं की तेवढंच माहीत होतं, आणि ती शिंगं १९ व्या शतकातली, १८७६ साली जर्मनीत एका ऑपेरासाठी कपडे बनवले त्यातून जगभर पसरलेली. नॉर्वेत १९४३ साली खरं शिरस्त्राण सापडलं, लोखंडाचं, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, शिंगं वगैरे काही नाही. दुसरं, त्यांच्या जहाजाचं सुकाणू मागे मध्यभागी नसायचं, उजव्या बाजूला बांधलेलं एक मोठं वल्हं असायचं, आणि इंग्रजीत जहाजाच्या उजव्या बाजूला जो शब्द आहे, स्टारबोर्ड, तो त्या सुकाणूच्या बाजूवरून आलाय. शीड लोकरीचं, आणि ते विणायच्या बायका. एका मोठ्या शिडाला शेकडो मेंढ्यांची लोकर लागायची, म्हणजे कापायची, पिंजायची, सूत काढायचं, विणायचं, आणि तेव्हा कुठे पुरुषांची होडी हलायची. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

नॉर्वेतच ओसेबर्ग म्हणून जागा आहे तिथं १९०४ साली मातीच्या ढिगाऱ्याखालून आख्खं जहाज काढलं, साधारण साडेएकवीस मीटर लांब, ३० वल्ह्यांचं, कोरीव नक्षीचं. सन ८३४ मध्ये पुरलेलं. आणि त्यात कोण होतं? दोन बायका. एवढं थाटाचं जहाज दोन बायकांसाठी जमिनीत घातलं, त्यांच्याबरोबर गाडी, घोडे, विणकामाचं सामान सगळं.

पण भाचीला जी गोष्ट सगळ्यात लागली ती स्वीडनमधली. स्टॉकहोमजवळ मेलारेन सरोवरात एका बेटावर बिरका नावाचं व्हायकिंगांचं व्यापारी शहर होतं. तिथं १८७८ साली एक थडगं उघडलं, १० व्या शतकातलं. आत तलवार, कुऱ्हाड, भाला, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली, दोन घोडे, आणि सोंगट्यांचा डाव. सगळ्यांनी म्हटलं मोठा सरदार असणार. सत्तरच्या दशकात हाडं बघून कुणीतरी शंका काढली होती की ही बाईची वाटतात, पण ती कुणी मनावर घेतली नाही. मग २०१७ मध्ये डीएनए तपासला, तर खरंच बाई. १३९ वर्षं ती सरदार म्हणून पुस्तकांत होती. आता काही अभ्यासक अजून म्हणतात की थडग्यात शस्त्रं ठेवली म्हणून ती बाई लढायची असं सिद्ध होत नाही, आणि मी भाचीला हेही सांगितलं, कारण पुस्तकात वाचलं ते सगळं खरं मानायचं नसतं हे शिकवणं माझं काम आहे. ती फोनवर थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, आत्या, तो पुरुष आहे असं वाटत होतं तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला का गं, की हा लढायचा कशावरून? संपादक महोदय, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ऑक्टोबरात ती पुन्हा आली तेव्हा आम्ही दोघी एक दिवस निघालो. नार्व्याहून फेरीबोटीनं दिवाडी, दिवाडी बेट ओलांडून पलीकडच्या फेरीनं जुनं गोवं. हा रस्ता मी शेकडो वेळा गेलेय, पण नवव्या इयत्तेतली मुलगी बरोबर असली आणि तिच्या डोक्यात होड्या असल्या की सगळं वेगळं दिसतं. आमचा सप्तकोटेश्वर मुळात या दिवाडीतलाच, पोर्तुगिजांनी देऊळ मोडल्यावर देव नदीच्या अलीकडे नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. पण सप्तकोटेश्वर ज्यांचं दैवत होतं ते गोव्याचे कदंब राजे, त्यांची गलबतं समुद्रावर होती, गोपकपट्टण म्हणजे आजचं थोरलें गोवें (गोवा वेल्हा) हे त्यांचं बंदर होतं, हे किती मुलांना ठाऊक आहे. कदंब म्हटलं की आमच्या मुलांना त्या नावाची सरकारी बस आठवते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या म्युझियममध्ये वीरगळ आहेत, कदंबांच्या काळातले. बहुतेक लोक तिथं पोर्तुगीज गव्हर्नरांच्या तसबिरी बघून बाहेर पडतात. आम्ही वीरगळांपाशी तासभर होतो. खालच्या कप्प्यात लढाई, काहींवर तर होडी आणि होडीत माणसं, म्हणजे समुद्रावरची लढाई. वीरगळाची रीतच अशी की खाली वीर मरतो, मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला असतो. भाची एकदम म्हणाली, आत्या, ह्या वाल्किरी आहेत! मला समजेना, तेव्हा तिनं सांगितलं की व्हायकिंगांच्या कथांतही अशाच बायका, रणांगणावर मेलेल्यांतून वीर निवडायचे आणि त्यांच्या ओडिन देवाच्या महालात न्यायचे हे त्यांचं काम, आणि वाल्किरी या शब्दाचाच अर्थ मेलेल्यांतून निवडणारी. कुठं उत्तर ध्रुवाकडचा बर्फाचा देश आणि कुठं आमची मांडवी, पण लढून मेलेल्याला बायका उचलून वर नेतात ही कल्पना दोन्हीकडे. मी आयुष्यभर वीरगळ बघत आले, शाळेच्या सहलीला मुलांना दाखवले, मला हे कधी सुचलं नाही, ते एका इंग्रजी कादंबरीमुळे माझ्या भाचीला सुचलं.

आणि शेजारी सतीचे दगड. त्यावर कोपरात वाकलेला एक हात, बांगड्या भरलेला. त्याच्यापुढे ती बराच वेळ उभी होती. मग तिनं विचारलं की बाई वीराला वर नेते ती दगडात आहे, बाई नवऱ्यामागे जळली ती दगडात आहे, मग होडीत बसलेली बाई कुठल्या दगडात आहे?

बाहेर आल्यावर मी तिला अजून एक दाखवलं, दाखवायला तिथं आता काही उरलेलं नाही पण जागा तीच आहे. त्याच शहरातल्या रुअ दिरेता या मुख्य रस्त्यावर माणसं लिलावात विकली जायची, १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच माणसानं ते लिहून ठेवलंय. म्हणजे कादंबरीतली ती धरून आणलेली पोरगी इथंही होती, एक नाही, किती होत्या कोण जाणे. आईचा तो शब्द तेव्हा आम्हाला दोघींना आठवला. मग उगाच लोक म्हणतात की व्हायकिंगांच्या गोष्टीत आमच्या मुलांचा काय संबंध.

माझा भाऊ पण आधी म्हणाला होता की मारामारीचं पुस्तक पोरीच्या हातात कशाला, रक्त, कुऱ्हाडी, तिच्या वयाला शोभत नाही. मी त्याला म्हटलं, घरात नवरात्रात कुणाची पूजा करतोस, महिषासुराच्या छातीवर पाय देऊन त्रिशूळ घुसवलेल्या देवीची ना? ते चालतं, मग १६ वर्षांच्या पोरीनं ढाल धरली तर काय बिघडलं. आणि मी स्वतः चार रात्री ऐकलंय, त्या पुस्तकात धाड मारणं हे शौर्य म्हणून सुरू होतं आणि शेवटी त्या मुलीच्या मनाला टोचणारा काटा होऊन बसतं. मुलांना हे कळतं, मोठ्यांनाच वाटतं कळत नाही. पुस्तकात खोट नाही असं नाही, मध्ये एका मुलाबरोबरचं प्रेमप्रकरण फार ताणलंय, आणि खांद्यात भाला घुसल्यावर आठ दिवसांत ती पुन्हा वल्हं मारायला बसते हे काही मला पटलं नाही, आई तर म्हणाली हळदीचा लेप तरी लावायचा. पण मुलगी ३५० पानं चार दिवसांत वाचते आणि आजीला सांगते, यापुढे त्या उणिवांचं काय.

आता मुख्य मुद्दा. मला हे पुस्तक भाचीला मराठीत द्यायचं होतं. हेच नाही, असं कुठलंही, १२ ते १६ वयाच्या मुलीसाठी, जिच्यात तिच्या वयाची मुलगी स्वतः काही करते, घराबाहेर पडते, चुकते, निस्तरते. गोव्यातल्या दोन लायब्रऱ्यांत आणि एका पुस्तकांच्या दुकानात विचारलं. नावं घेत नाही, माणसं सगळीकडे चांगलीच होती. लायब्ररीत बालविभाग आहे, तिथं चित्रांची पुस्तकं, इसापनीती, बिरबल, थोरांची छोटी चरित्रं. ते संपलं की एकदम मोठ्यांचं कपाट, ऐतिहासिक कादंबऱ्या सहाशे सहाशे पानांच्या. मध्ये काही नाही. मी विचारलं नववीतल्या मुलीसाठी काय आहे तर त्या बाईंनी खूप शोधून व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक आणि एक रांगोळीचं पुस्तक आणून दिलं. दुकानात म्हणाले, बाई या वयाची मुलं मराठी घेतच नाहीत म्हणून आम्ही ठेवत नाही. कपाटात नाही म्हणून वाचत नाहीत आणि वाचत नाहीत म्हणून कपाटात नाही, असं ते फिरतंय.

आमच्या गोव्यात तर हे दुप्पट लागतं. बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात, दहा वर्षांची झाली की माध्यम बदलतं. म्हणजे ज्या वयात मुलाला पहिल्यांदा मोठं पुस्तक वाचायची भूक लागते नेमक्या त्या वयात त्याच्या हातातून आम्ही मराठी काढून घेतो, आणि इंग्रजीवाले तिथं ताट वाढून बसलेले असतात. त्यांच्याकडे यंग अॅडल्ट म्हणून वेगळं कपाटच असतं, त्यात व्हायकिंग पोरगी आहे, समुद्री चाचे आहेत, सगळं आहे. मुलं तिकडे जातात यात मुलांची काही चूक नाही. मी लहान असताना किशोर मासिक यायचं, १९७१ पासून निघतंय ते, आम्ही त्याची वाट बघायचो. पण तेव्हाही साहस करायला निघणारे बहुतेक पोरगेच असायचे, मुलगी असली तर त्यांच्या डब्याची काळजी घेणारी. मी ते आवडीनं वाचलं, पण आता वाटतं मला कुणीतरी होडीत बसवायला हवं होतं.

आणि हे लिहायला मजकूर नाही असं कुणी म्हणू नये. ज्या दिवाडीवरून आम्ही त्या दिवशी फेरीनं गेलो त्याच दिवाडीत नौदलाची तारिणी ही शिडाची नौका बांधली गेली, अवघी १७ मीटरची, ओसेबर्गच्या जहाजापेक्षाही लहान. त्या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्याबरोबर पाच जणी, सहाच्या सहा बायका, पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, केप हॉर्नला वळसा घातला आणि २१ मे २०१८ ला गोव्यात परत आल्या. २५४ दिवस. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. मग २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच नौकेतून नौदलातल्या दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या, फक्त दोघी, आणि मे २०२५ मध्ये परत आल्या. भाचीला हे माहीतच नव्हतं! व्हायकिंगांच्या जहाजाला किती वल्ही ते तिला पाठ, आणि आमच्या नदीत बांधलेल्या नौकेतून बायका पृथ्वीभोवती फिरून आल्या हे तिला म्युझियममधून परतताना फेरीत उभं राहून मी सांगितलं तेव्हा कळलं. ती कठड्याला धरून नुसती नदीकडे बघत राहिली, बेटावर उतरायचं पण विसरली, फेरीवाला हाका मारायला लागला. पेपरात तेव्हा बातम्या आल्या होत्या, फोटो आले होते, पण बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, गोष्ट राहते.

याच दिवाडीत आता कौंडिण्य नावाचं शिडाचं जहाज बांधलं, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, एकही खिळा न मारता, फळ्या काथ्यानं शिवून. २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झालं. व्हायकिंग लोक फळीवर फळी चढवून लोखंडी खिळ्यांनी ठोकायचे आणि आमचे लोक फळीला फळी लावून सुंभानं शिवायचे. एखाद्या लिहिणाऱ्यानं मनावर घेतलं तर एवढ्या एका फरकावर कादंबरी उभी राहील, समजा कदंबांच्या काळातली एक पोरगी, बाप जहाजं शिवणारा, आणि तिची बोटं बापापेक्षा चपळ. आणि तेवढं मागं जायचं नसेल तर लिबिया लोबो सरदेसाई आहेत, १९५५ पासून १९६१ पर्यंत जंगलात राहून गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवला, आणि मुक्ती झाली तेव्हा विमानातून लाऊडस्पीकरवर लोकांना सांगितलं. आमच्या मुलांना यावर पाच मार्कांची टीप येते.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. तालुका लायब्रऱ्यांनी आणि गावच्या वाचनालयांनी १२ ते १६ वयासाठी एक वेगळा कप्पा करावा, एकच कप्पा, बालविभागात नको आणि मोठ्यांच्यात नको, कारण त्या वयाच्या मुलाला बाल म्हटलेलं आवडत नाही. सुरुवातीला त्यात बाहेरच्या भाषांतली चांगली पुस्तकं मराठीत आणून ठेवा, माझी काही हरकत नाही, व्हायकिंग पोरगी मराठीत आली तर मी पहिली प्रत घेईन. गोव्यात लिहिणारे एवढे आहेत, कविसंमेलनं होतात, दिवाळी अंक निघतात, गोमंतक मराठी अकादमीसारखी संस्था आहे, तर एखाद्या वर्षी कुमारांच्या कादंबरीसाठी स्पर्धा ठेवा, आणि परीक्षक म्हणून आमच्यासारख्या रिटायर बायका नकोत, आठवी नववीची मुलं बसवा. आणि भाषांतर करणाऱ्यांना विनंती, होडीचे शब्द डिक्शनरीतून उचलू नका. शापोऱ्याला जा, बेतूलला जा, जे अजून समुद्रावर जातात त्यांना विचारा, ऐंशीच्या घरातल्या आयांना विचारा, पण लवकर विचारा. माझ्या आईनं चार रात्रींत जे शब्द दिले त्यातले तीन मला शब्दकोशात सापडले नाहीत. ते मी इथं मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण कसे लिहायचे तेच मला नीट ठरवता येत नाहीये, पण भाचीच्या वहीत तिनं तिच्या पद्धतीनं ते लिहून ठेवलेत आणि पुढे कंसात आजीचं नाव.

कुणा वाचकाला या वयासाठीची मराठी कादंबरी माहीत असेल, जिच्यात मुलगी वल्ह्यावर बसलेली आहे, तर कृपया याच पत्रव्यवहारात कळवा, मी वाट बघते. पुस्तकाचा दुसरा भाग इंग्रजीत आलाय, भाची दिवाळीच्या सुट्टीत घेऊन येणार आहे. आई आत्तापासून रोज विचारतेय, ती बटीक पोरगी घरा पावली काय गो?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नार्वे, डिचोली